मीटर डाउन: मुंबईच्या टॅक्सीचं भाडं परवडतं का?

मुंबईकराची टॅक्सीबद्दल दोन मतं असतात, आणि ती दोन्ही एकाच वेळी असतात. पहिलं, टॅक्सी फार महाग झाली. दुसरं, मीटरने यायला तयार असलेली टॅक्सी मिळाली की देव पावला. आता जी वस्तू महाग आहे तिच्यासाठी देवही पावावा लागत असेल, तर हिशोबात कुठेतरी बग आहे. आणि बग दिसला की तो नेमका कुठल्या व्हर्जनपासून शिरला हे शोधत मागे मागे जायचं, ही आमच्या धंद्यातली खोड. म्हणून हा वीकेंड काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या भाड्याचा इतिहास खणण्यात घालवला.

सुरुवात शब्दापासून करू. 'टॅक्सी' हे मुळात गाडीचं नावच नाही, ते यंत्राचं नाव आहे. जर्मनीत फ्रीडरिश ब्रून नावाच्या गृहस्थाने १८९१ साली 'टॅक्सामीटर' बनवला. टॅक्सा म्हणजे आकारणी आणि मीटर म्हणजे मोजणारा. तो बसवलेली डाइमलरची मोटार १८९७ मध्ये स्टुटगार्टच्या रस्त्यांवर भाड्याने धावू लागली. १९०७ साली लंडनने भाड्याच्या मोटारींना मीटर सक्तीचा केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हॅरी ॲलन नावाच्या माणसाने फ्रान्समधून गाड्या आणून मीटरच्या टॅक्सी सुरू केल्या. त्याची गोष्ट अशी सांगतात की, घोडागाडीवाल्याने त्याच्याकडून मैलभरही नसलेल्या अंतराचे पाच डॉलर उकळले, तेव्हा वैतागून त्याने हा उद्योग काढला. थोडक्यात, मीटर जन्माला आला तो गिऱ्हाइकाच्या वैतागातून.

मीटर येण्याआधी दर नव्हते असं मात्र नाही. लंडनमध्ये भाड्याच्या घोडागाड्यांची संख्या आणि त्यांचे दर सतराव्या शतकापासून कायद्याने बांधलेले होते. पण दर छापलेला असला तरी अंतर कोण मोजणार? गाडीवाला म्हणणार दोन मैल, गिऱ्हाईक म्हणणार सव्वा. मीटरने भांडणाचा हा भाग यंत्राकडे सोपवला.

मुंबईत मोटार टॅक्सी आली १९११ साली. तोवर भाड्याने फिरायचं तर व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाडी. ट्राम होत्याच, १८७४ पासून घोड्यांच्या आणि १९०७ पासून विजेच्या. बस आली १९२६ मध्ये. म्हणजे आपली टॅक्सी बेस्टच्या बसपेक्षा पंधरा वर्षांनी वडील आहे! व्हिक्टोरियाने तिच्यासमोर चिवटपणे तग धरला आणि अगदी शेवटी ती फक्त मरीन ड्राइव्हवरच्या हौशी मंडळींपुरती उरली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीही बेकायदा ठरवली.

बरं, आता मुद्द्याकडे. टॅक्सीचं भाडं ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे राज्य सरकारकडे आहे. सरकार भाडं ठरवतं याचा अर्थ प्रवाशाला तीन वचनं मिळतात. एक, दर आधीच माहीत असेल. दोन, मीटर खरा असेल. तीन, तुम्हाला जायचं तिथे गाडी येईल, कारण याच कायद्याच्या कलम १७८ प्रमाणे भाडं नाकारणं हा गुन्हा आहे. तुम्ही मोजता ते पैसे या तिन्ही वचनांचे. त्यामुळे 'पैसे वसूल झाले का' हे बघायचं तर तिन्ही वचनं वेगवेगळी तपासायला हवीत.

आधी दराचं वचन. ज्यांनी मेकॅनिकल मीटर पाहिलाय त्यांना आठवेल, टॅक्सीच्या डाव्या बाजूला, बाहेर, लोखंडी डबा असायचा. ड्रायव्हर हात बाहेर काढून त्याचा झेंडा खाली पाडायचा, म्हणून 'मीटर डाउन'. त्यावरचा आकडा १.०० पासून सुरू व्हायचा आणि तो म्हणजे भाडं नव्हे. भाडं वाढलं की शहरातले हजारो मीटर उघडून दातेरी चाकं बदलण्यापेक्षा एक कार्ड छापणं सोपं. मग उतरताना मीटरवरचा आकडा बघायचा, कार्डावर तो शोधायचा आणि समोरची रक्कम द्यायची. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर तेच ठेवून लुकअप टेबल बदलायचं. आयडिया झकास होती, फक्त टेबल ड्रायव्हरच्या खिशात असायचं. मुंबईत मुरलेल्या माणसाला कार्ड पाठ असे, आणि दादरला गाडीतून नुकत्याच उतरलेल्या पाहुण्याला ते जुनं आहे की नवं, हेही कळत नसे.

२०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सगळीकडे आले आणि आकडा थेट रुपयांत दिसू लागला. त्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. तोवर किमान भाडं पहिल्या १.६ किलोमीटरचं असे. १.६ किलोमीटर म्हणजे चक्क एक मैल! वजन-मापाचा मेट्रिक कायदा १९५६ चा, आणि मैल मात्र मीटरच्या पोटात २०१२ पर्यंत मुक्कामाला होता. लेगसी कोड म्हणतात तो हाच. ऑक्टोबर २०१२ मध्ये किमान अंतर दीड किलोमीटर झालं आणि किमान भाडं १७ वरून १९ रुपये. ही वाढ झाली ती पी. एम. ए. हकीम यांच्या एकसदस्य समितीच्या सूत्राने. गाडीची किंमत, कर्जाचं व्याज, विमा, दुरुस्ती, इंधन, ड्रायव्हरचा घरखर्च असं सगळं त्यात धरायचं आणि दरवर्षी भाडं नव्याने काढायचं, अशी कल्पना होती.

कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काय झालं बघा. २०१५ च्या जूनमध्ये किमान भाडं २२ रुपये झालं आणि तिथेच थिजलं ते थेट मार्च २०२१ पर्यंत. मग २५ रुपये. ऑक्टोबर २०२२ मध्ये २८. आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१, म्हणजे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. प्रत्येक वाढीच्या वेळी पेपरात 'टॅक्सीचा प्रवास महागला' असा मथळा आणि आपला एक सुस्कारा ठरलेला.

पण जरा महागाईशी ताडून पाहू. देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ ला १०० धरला, तर २०२५ च्या सुरुवातीला तो १९३ च्या आसपास होता. म्हणजे सगळ्या गोष्टी मिळून भाव जवळजवळ दुप्पट. टॅक्सीचं किमान भाडं मात्र १९ चं ३१ झालं, म्हणजे ६३ टक्के वाढ. नुसत्या महागाईबरोबर चाललं असतं तरी ते ३६ रुपयांच्या घरात असतं. मुंबईतला सीएनजीचा दर तर या काळात दुपटीहून जास्त झाला. तेव्हा मीटरचा दर महाग झालेला नाहीच, तो हळूहळू स्वस्त होत आलाय. हे गणित मी दोनदा करून पाहिलं, कारण माझाही सुस्कारा त्या मथळ्यांबरोबर गेलेला होता :)

मग फरकाचे पैसे कोणी भरले? थोडे ड्रायव्हरने भरले, जास्त तास गाडी चालवून. बरेचसे ड्रायव्हर गाडीचे मालक नसतात. शिफ्टचं ठरलेलं भाडं मालकाला द्यायचं, गॅस स्वतः भरायचा, आणि उरेल ते घरी न्यायचं. थोडे गाडीने भरले. मुंबईची टॅक्सी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, मूळची १९६४ ची फियाट ११०० डिलाइट. तिचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदवली गेली, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. तेव्हा आपण सगळ्यांनी हळवे स्टेटस टाकले. पण त्या गाडीतून पावसाळ्यात गेलेल्यांना आठवत असेल, खिडकीची काच वर जायची नाही आणि दार बाहेरून उघडावं लागायचं. साठच्या दशकातलं डिझाइन एकविसाव्या शतकात इतकी वर्षं चाललं याचं कारण आपलं प्रेम नव्हे. गाडी बदलण्याइतके पैसे भाड्यातून सुटत नव्हते आणि नियम सांगेपर्यंत बदलायची घाई कोणालाच नव्हती, एवढाच माझा निष्कर्ष.

दुसरं वचन, खरा मीटर. 'फास्ट मीटर' हा शब्द मुंबईच्या मराठीत इतका रुळलाय की वेगळं सांगायला नको. रोजचा रस्ता असला की आपल्याला आकडा माहीत असतो, आणि तो पाच-दहा रुपयांनी पुढे पळाला की पोटात गोळा येतो. आरटीओची तपासणी असते, सील असतं, तक्रारीची सोय असते. तरी या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. आता प्रत्येकाच्या खिशात अंतर मोजणारा फोन आहे आणि ड्रायव्हरलाही ते ठाऊक आहे.

खरी ग्यानबाची मेख तिसऱ्या वचनात आहे.

दादर स्टेशनबाहेर रात्री साडेदहाला उभे राहा. लांब पल्ल्याची गाडी नुकती आलेली असते. गावाकडून आलेलं एखादं कुटुंब, सोबत म्हातारा पेशंट, हातात एक्स-रेची मोठी पिशवी. जायचंय परळला, केईएम किंवा टाटा. अंतर दीड-दोन किलोमीटर. टॅक्सीवाला विचारतो, "किधर?" उत्तर ऐकतो आणि मान फिरवतो. तिसरा किंवा चौथा म्हणतो, "दोनसो." मीटरने होतात तीस-चाळीस रुपये. हे दृश्य मी इतक्यांदा बघितलंय की त्यात मला आता ड्रायव्हरचा उद्धटपणा कमी आणि सूत्रातली चूक जास्त दिसते.

ती चूक अशी. शाळेतलं सरळ रेषेचं समीकरण आठवा, वाय बरोबर एमएक्स अधिक सी. एक्स म्हणजे अंतर, एम म्हणजे किलोमीटरचा दर, आणि सी म्हणजे गाडीत बसल्याबसल्या लागणारी स्थिर रक्कम. आता मुंबईचा दर बघा. २० रुपये ६६ पैशांना दीडने गुणा. ३० रुपये ९९ पैसे, म्हणजेच ३१ रुपये. किमान भाडं म्हणून जे घेतात ते निव्वळ दीड किलोमीटरचे पैसे आहेत. २०२२ चा दर घ्या, १८ रुपये ६६ पैसे गुणिले दीड, बरोबर २८. आपल्या समीकरणात सी शून्य आहे!

याचा परिणाम असा की ड्रायव्हर रांगेत वीस मिनिटं थांबला त्याचे पैसे भाड्यात कुठेच नाहीत. त्याला बोरिवलीचं गिऱ्हाईक मिळालं तर ती वीस मिनिटं लांबच्या भाड्यात विरून जातात. परळचं मिळालं तर वीस मिनिटं थांबा, दहा मिनिटं ट्रॅफिकमधून काढा, एकतीस रुपये घ्या आणि परत रांगेच्या शेपटाला लागा. जवळचं भाडं नाकारणाऱ्याचं समर्थन मी करत नाही, तो कायदा मोडतोच आहे. पण हजारो वेगवेगळी माणसं वर्षानुवर्षं अगदी एकाच पद्धतीने कायदा मोडत असतील, तर कुठलाही इंजिनिअर आधी सिस्टिमकडे बघेल.

न्यूयॉर्कचा दर तुलनेला घेऊ. डिसेंबर २०२२ पासून तिथे गाडीत बसल्याबरोबर ३ डॉलर पडतात. पुढे मैलाच्या प्रत्येक पाचव्या भागाला ७० सेंट, आणि गाडी ट्रॅफिकमध्ये रेंगाळली तर मिनिटाला ७० सेंट. वरचे अधिभार वेगळेच. तिथे सी आहे, आणि अंतराइतकीच किंमत वेळेलाही आहे. न्यूयॉर्कची टॅक्सी स्वस्त आहे असा याचा अर्थ नव्हे, भाव तर डोळे पांढरे करणारे आहेत. पण चार ब्लॉक जाणारा माणूस तिथल्या ड्रायव्हरला अगदीच नकोसा होत नाही.

आता अ‍ॅपवाल्यांकडे येऊ. त्याआधी २००७ मध्ये मेरूसारख्या कंपन्यांच्या फोनवर बोलवायच्या एसी टॅक्सी मुंबईत आल्या. दर काळ्या-पिवळीपेक्षा जास्त, तरी लोक तासभर आधी बुकिंग करून ठेवायचे. कारण उघड आहे. जास्तीचे पैसे एसीचे कमी आणि 'येणार म्हणजे येणार' याचे जास्त होते. तिसऱ्या वचनाला बाजारात भाव आहे, हे तिथे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. मग २०१० मध्ये ओला निघाली, २०१४ मध्ये उबर मुंबईत आली. त्यांच्या भाड्यात बसण्याचे पैसे, अंतराचे पैसे, वेळेचे पैसे असे वेगवेगळे भाग होते. म्हणजे आपला हरवलेला सी त्यांनी बरोबर शोधून काढला. शिवाय सुरुवातीला गुंतवणूकदारांच्या पैशातून सवलती. ते दिवस आठवा, रिक्षाच्या भावात एसी गाडी! काळ्या-पिवळीला ते फार जड गेलं. टॅक्सी संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शहरात साठ हजारांवर असलेल्या या टॅक्सी २०२३ पर्यंत चाळीस हजारांच्या आसपास आल्या होत्या.

पण अ‍ॅपने तिसरं वचन देताना पहिलं काढून घेतलं. समीकरणात सी आला, मात्र एम आणि सी दोन्ही दर मिनिटाला बदलू लागले, आणि ते कोणत्या सूत्राने हे ना प्रवाशाला दिसतं ना ड्रायव्हरला. केंद्राच्या २०२० च्या नियमावलीने गर्दीच्या वेळचा दर मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत बांधला होता, २०२५ च्या नियमावलीने ती मर्यादा दुप्पट केली. आणि सवलतींचा पूर ओसरल्यावर बघता बघता तिसरं वचनही पातळ झालं. आधी ड्रायव्हर काचेतून मान फिरवायचा, आता राइड स्वीकारून फोन करतो, "सर, ड्रॉप कहाँ है?" आणि कॅन्सल. नकार तोच, फक्त यूआय नवीन.

या सगळ्या भानगडीत मुंबईतला एक प्रयोग मला फार आवडतो, तो म्हणजे शेअर टॅक्सी. चर्चगेटहून नरिमन पॉइंटला सकाळी जाणारी गर्दी बघा. ठरलेला मार्ग, सीटला ठरलेले पैसे, चार माणसं भरली की गाडी निघाली. घासाघीस नाही, मीटरकडे डोळे लावून बसणं नाही. अंतर इतकं थोडं की एकट्याने मीटरने जायचं म्हटलं तर हाच ड्रायव्हर नाही म्हणेल. पण चौघांचे मिळून त्याला परवडतात, आणि आपल्याला एकट्याच्या भाड्याहून खूपच कमी पडतात. तिन्ही वचनं पाळली जातात. सूत्रात जो सी कोणी घातला नाही, तो लोकांनी चार जणांत वाटून स्वतःच भरला.

तर, टॅक्सीचं भाडं परवडतं का? माझं उत्तर असं. मिळालेल्या टॅक्सीचं भाडं परवडतं, निश्चित परवडतं. महागाईच्या मागे पडलेला दर, चौघांना बसायला जागा, दारापासून दारापर्यंत, आणि माहीमच्या खाली रिक्षा नसलेल्या शहरात. पण न मिळालेल्या टॅक्सीचा भाव कुठल्याच कार्डावर छापलेला नसतो. तो भरावा लागतो रांगेत, पावसात, किंवा 'दोनसो' देऊन. आणि तो सगळ्यात जास्त भरतात ती जवळ जाणारी माणसं. ज्येष्ठ नागरिक, पेशंट, सामान घेऊन स्टेशनवरून निघालेल्या बाया. तरणाताठा माणूस दीड किलोमीटर चालत जाईल. टॅक्सीची खरी गरज ज्यांना आहे त्यांच्याच वाट्याला आपलं सूत्र नकार वाढून ठेवतं.

समजा, बसल्याचे २० रुपये आणि पुढे किलोमीटरला १८ रुपये असा दर केला. दीड किलोमीटरचे होतील ४७, दहा किलोमीटरचे २००. आजच्या हिशोबाने ते अनुक्रमे ३१ आणि २०७ आहेत. लांब जाणाऱ्याचे थोडे वाचतील, जवळ जाणाऱ्याचे सोळा रुपये वाढतील. आकडे माझ्या मनातले आहेत, तज्ज्ञांनी ते नीट काढावेत. लांबच्या प्रवासाला किलोमीटरचा दर उतरता असावा अशी शिफारस २०१७ च्या खटुआ समितीच्या अहवालातही होती, तेव्हा सरळ रेषा वाकवायचा विचार सरकारदरबारी अगदीच अनोळखी नाही.

अर्थात असं काही जाहीर झालं की पेपरात मथळा येणार, 'टॅक्सीचं किमान भाडं ४७ रुपये', आणि ऑफिसातल्या लंच टेबलवर सगळे ओरडणार. तेव्हा ओरडण्याआधी एवढं विचारा की त्या एक्स-रेच्या पिशवीवाल्या कुटुंबाला आज नक्की किती पडतात, एकतीस की दोनशे?